चोवीसपटीची दुर्बीण

१४ ऑगस्ट

ही वही खरं तर नेमाची नोंद ठेवायची आहे. व्हर्ना कुबिट्झबाईंच्या दुकानात खिळे, घोड्याचे नाल, रायफली आणि लोणच्याच्या बरण्या एकाच काउंटरवर मिळतात. आज तिथे तासभर उभा राहून प्रत्येक रायफल खांद्याला लावून बघितली आणि शेवटी काहीच घेतलं नाही. बाईंनी ही वही पुढे सरकवली. म्हणाल्या, तुझं डोकं जागेवर नाही, आधी लिहायला लाग. प्रत्येक पानावर रकाने आहेत : वारा, अंतर, गोळी कुठे लागली. खाली 'शेरा' म्हणून मोठी जागा. माझ्याकडे अजून ना वारा, ना अंतर, ना गोळी. तेव्हा सगळं शेऱ्यातच लिहितोय. शाळा नववीत सोडली, त्यानंतर एवढं पहिल्यांदाच लिहितोय, हात दुखला.

कारण असं. मालकीणबाईंनी, म्हणजे लोर्ना आसगार्ड यांनी, काल लोकर भरताना ऑरव्हलला आणि मला दोघांना उभं करून सांगितलं. गेल्या हिवाळ्यात खालच्या कुरणातल्या बऱ्याच मेंढ्या कोयोटांनी, म्हणजे इथल्या रानकोल्ह्यांनी, नेल्या. या वर्षी तिथे एकच माणूस ठेवणार, आणि तो नेमबाज हवा. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी नेमबाजीच्या क्लबवर सगळा गाव शिकारीआधी रायफलींचा नेम तपासायला जमतो. तिथे दोघांनी तीनशे यार्डांवर पाच पाच गोळ्या मारायच्या. ज्याचा कागद चांगला, तो ऑक्टोबर ते एप्रिल कुरणातल्या चाकांवरच्या लाकडी खोलीत राहील. दुसऱ्याने आपलं सामान उचलायचं.

ऑरव्हल स्टेनेरुड इथे एकतीस वर्षं आहे. मी चार महिने. त्याआधी सहा ठिकाणी होतो, कुठेही दुसरा पगार घेईपर्यंत टिकलो नाही. कुणी हाकललं नाही, माझेच पाय शिवशिवायचे. इथे अजून शिवशिवले नाहीत. का ते माहीत नाही. जेवण तर भिकार आहे.

१७ ऑगस्ट

म्हातारा ऑरव्हल माझ्या परीक्षा घेतो. आज कुंपण दुरुस्त करताना चार वेळा घेतली.

"पोरा, त्या कड्यावर काय आहे सांग बघू."

मी म्हटलं, हरणं.

"किती?"

अकरा.

"आणि डावीकडची दोन कुठे तोंड करून आहेत?"

मी सगळं बरोबर सांगितलं. तो नुसतं हं म्हणतो. स्वतः तिकडे बघतही नाही, एवढी त्याला खात्री. मोजणी मला सहाव्या वर्षापासून येते, पण वयस्कर माणसाला उलट बोलायचं नाही हे आईने शिकवलंय.

असा शत्रू असला की झोप लागत नाही. एकतीस वर्षं त्याने एकाच रायफलने कोयोट मारलेत. थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे जाड, तीसच्या गोळीची, वर चार पटीची दुर्बीण. लाकडी दस्ता इतका घासलेला की आता आधी कुठला रंग होता ते कुणाला सांगता येणार नाही. माझ्याकडे काय? आजोबांची लिव्हरवाली रायफल होती, ती केंटकीत भावाकडे राहिली. आणि ती इथे काय कामाची? आमच्या खोऱ्यात साठ पावलांपलीकडे झाडच आडवं येतं. इथे मोंटानात झाड नावाची चीज नाही. कोयोट तीनशे यार्डांवर बसून तुमच्याकडे बघत जांभई देतो.

संध्याकाळी घरी येताना म्हाताऱ्याने फाटकाजवळच्या खांबाला हात केला. मी बघत राहिलो. तो म्हणाला, जुनी ओळख आहे.

२३ ऑगस्ट

दुकानात परत. व्हर्नाबाईंनी एकेक करून माझी स्वप्नं खाली ठेवली. जाड नळीची, खालून पाय फुटलेली, विमानाच्या सुट्या भागासारखी दिसणारी एक रायफल होती. मी ती अर्धा मिनिट धरली, मग काउंटरवर टेकवावी लागली. बाई म्हणाल्या, ही टेबलावर ठेवून मारायची. तू ही घेऊन बर्फात दोन मैल चाललास तर कोयोटच तुला घरी सोडायला येतील.

मग त्यांनी साधी काढली. बोल्टची, म्हणजे खिट्टी मागेपुढे ओढून गोळी भरायची, काळ्या प्लास्टिकचा दस्ता, नळी मध्यम. दिसायला अगदी छत्रीसारखी. पण बोल्ट ओढला तर लोण्यातून सुरी गेल्यासारखा गेला. चाप हलका आणि स्वच्छ, मधे कुठे अडखळत नाही. बाई म्हणाल्या, दस्त्याकडे बघून कुणी कोयोट मरत नाही. स्वस्त रायफलींत हल्ली नळ्या चांगल्या येतात, फक्त त्यांना नटवायला पैसा लागत नाही म्हणून त्या स्वस्त. वाचलेले सगळे पैसे दुर्बिणीत घाल. आणि दुर्बीण तीन ते नऊ पटीची घे.

मी म्हटलं, फक्त नऊ? परवा पेट्रोल पंपावर एकाच्या गाडीत पंचवीस पटीची बघितली.

बाईंनी विचारलं, तो काय मारतो?

मी म्हटलं, ते विचारलं नाही.

काही घेतलं नाही. बाईंनी मला दाराबाहेर जाताना लोणच्याची एक काकडी दिली. गिऱ्हाईक टिकवायची युक्ती असणार.

२७ ऑगस्ट

गोळीच्या जाडीवरून म्हाताऱ्याशी भांडण. मला साडेसहा मिलिमीटरची घ्यायचीय. धक्का कमी, सरळ जाते, वाऱ्याने फारशी वाहत नाही. म्हातारा म्हणतो ही गोळी नाही, औषधाची कांडी आहे. त्याची तीसची गोळी अंगठ्याएवढी. तो म्हणाला, हिने मारलेला कोयोट मेल्यावरही लाजतो.

पण मग म्हणाला, "तुझ्यासाठी लहानच बरी. धक्क्याला भिऊन डोळे मिटणारा माणूस काय कामाचा? आणि व्हर्नाबाईंचं ऐक. दुर्बिणीत कंजुषी करू नकोस, पण आकड्यांच्या नादीही लागू नकोस. काच स्वच्छ हवी. काच स्वच्छ असली की..." एवढं बोलून म्हातारा डोळे चोळत बसला. धूळ फार आहे.

शत्रूला इतका सल्ला कशाला देतो, समजत नाही. बहुतेक मला गाफील ठेवायचा डाव आहे. कॉफी त्याने मीठ घालून प्यायली, तेसुद्धा मला दाखवायला असेल, की बघ, मी कसला कणखर.

३ सप्टेंबर

रायफल घेतली! छत्रीसारखी दिसणारीच. साडेसहाची. दोन महिन्यांच्या पगारात रायफल किंवा चांगले बूट यातलं एकच निवडायचं होतं, बूट अजून पुठ्ठा घालून चालतील.

बाईंनी तीन ते नऊची दुर्बीण काउंटरवर काढून ठेवली होती. मी म्हटलं, विचार करतो. बाहेर आलो आणि ग्रंथालयातल्या संगणकावरून दुसरी मागवली. सहा ते चोवीस पट. त्याच पैशात! साधं गणित आहे, चोवीस म्हणजे नवाच्या अडीच पटींहून जास्त. तीनशे यार्डांवरचा कागद साडेबारा यार्डांवर आल्यासारखा. एवढ्यावरून तर मी दगड मारूनही लावीन. व्हर्नाबाई चांगल्या आहेत, पण जुन्या काळच्या.

१२ सप्टेंबर

दुर्बीण आली. मोठी आहे. अंगावर बटणं, चाकं, एक लाल दिवासुद्धा. ऑरव्हलने ती हातात घेतली, वजन केलं आणि विचारलं की याच्याबरोबर ट्रक पण आला का.

बसवायला दुकानात न्यावी लागली. बाईंनी बघितली आणि तीन ते नऊची उचलून परत कपाटात ठेवली, ते जास्त लागलं. पण बसवली मन लावून. रायफल पाणसळ लावून सरळ केली, दुर्बिणीतली उभी रेघ टांगलेल्या दोरीशी जुळवली, एकेक स्क्रू चिमटीच्या जोराने फिरवला. म्हणाल्या, "मनगट लावलंस तर नळकांडं चेपेल. दोन बोटं. कुणाच्या गालाला हात लावल्यासारखं." मग जाताना : "शिकारीत सहावर ठेव. फार तर नऊवर. चोवीस पटीने तुला कोयोट दिसणार नाही, त्याची पिसू दिसेल."

मी हो म्हटलं. मोठ्या माणसांना हो म्हणायला काय जातं.

१४ सप्टेंबर

वारा : आहे. अंतर : शंभर. गोळी : कुठेही.

शेरा : एक गोळी डावीकडे गेली, चाक उजवीकडे फिरवलं. पुढची उजवीकडे गेली, डावीकडे फिरवलं. पुढची खाली. अशा वीस गोळ्या मी माझ्याच गोळीच्या मागे धावलो. म्हातारा ट्रकच्या मागच्या फळीवर बसून बघत होता. शेवटी उठून त्याने माझा हात चाकावरून काढला.

म्हणाला, "एका गोळीचं ऐकायचं नाही. एक गोळी म्हणजे एक दारुडा, वाटेल ते बोलेल. तीन मार, तिघी एकत्र काय म्हणतात ते बघ, मग चाक फिरव."

तीन मारल्या. तिघी कागदावर एका बशीत बसतील इतक्या जवळ आल्या. फक्त चार इंच खाली. चाकाच्या एका टकटकीला गोळी पाव इंच सरकते, म्हणजे सोळा टकटकी. फिरवलं. पुढच्या तीन मधोमध.

मी ओरडलो. म्हाताऱ्याने विचारलं, कुठे लागल्या? मी म्हटलं, दिसत नाही का, मधोमध! तो म्हणाला, मी तुझ्या तोंडून ऐकायला विचारलं.

हा माणूस मला जिंकायला का शिकवतो?

२० सप्टेंबर

तीनशे यार्डांवर रोज मारतोय, शेताच्या बांधावर खोकं ठेवून. पाचांतल्या चार ताटाच्या आत. चोवीसवर ठेवलं की खोक्यावरचं छापील अक्षर वाचता येतं. फक्त एक त्रास. गोळी उडाली की धक्क्याने दुर्बीण उडते आणि खोकं हरवतं. मग गवत, गवत, गवत, आकाश, मेंढी, गवत, आणि मग खोकं. पण एकच खोकं असल्यामुळे चुकायची भीती नाही.

म्हाताऱ्याने एकदाही सराव केला नाही. एवढा आत्मविश्वास. हल्ली जेवताना तो फार बोलत नाही. काल म्हणाला, खालच्या कुरणात जानेवारीत सकाळी नदीवरून वाफ येते, मेंढ्यांच्या पाठीवर बर्फ बसतं आणि त्या हलल्या की सगळं कुरण हलल्यासारखं वाटतं, ते तू बघायला हवंस. मला वाटलं, म्हणजे त्याला खात्री आहे की मी ते बघणार नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

संपलं. लिहावंसं वाटत नाही, पण रकाने भरायचे आहेत.

वारा : डावीकडून, अगदी मंद. अंतर : तीनशे. गोळी : कुठेच नाही.

आठ चौकटी एका रांगेत, प्रत्येकीच्या खाली आकड्याची पाटी. माझी पाच नंबर, म्हाताऱ्याची शेजारची सहा. व्हर्नाबाईंकडे शिट्टी. मालकीणबाई खुर्ची घेऊन मागे बसल्या, मांडीवर सफरचंदाच्या केकचा डबा. अख्खा गाव होता. 

शिट्टी वाजली. मी चोवीसवर फिरवलं. फिरता फिरता कागद सापडला. ताटाएवढा, पांढरा, मधे काळा ठिपका, बाकी जगात काहीच नाही. श्वास सोडला, चाप दाबला. पाच वेळा. दर वेळी कागद हरवला, दर वेळी त्याच कागदावर परत आलो. उन्हाने हवा हलत होती म्हणून काळ्यातली भोकं दिसेनात, पण हाताला कळतं. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी नीट केलं.

म्हातारा शेजारी इतक्या बेफिकिरीने मारत होता की मधे एकदा शिंकला आणि तशीच पुढची मारली.

शिट्टी. सगळ्यांनी बोल्ट उघडले आणि चालत गेलो. पाच नंबरचा कागद कोरा. दुकानातून आणला तसा कोरा. मी मागून पण बघितला. सहा नंबरवर पाच भोकं, माझ्या तळहाताखाली झाकतील अशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकीणबाईंनी स्वतः तो कागद काढला आणि म्हणाल्या, ऑरव्हल, मला लाज वाटते तुझ्यावर शंका घेतल्याची. मग मला म्हणाल्या, पोरा, शुक्रवारपर्यंत राहा, मग मी तुला गावात सोडते. चांगल्या आवाजात म्हणाल्या.

म्हाताऱ्याने कागद हातात घेतला. अंगठ्याने एकेक भोक चाचपत होता. गर्व, दुसरं काय. मी त्याचं अभिनंदन करायला हात पुढे केला तर तो त्याने बघितलासुद्धा नाही.

३० सप्टेंबर

रायफल परत द्यायला दुकानात गेलो. व्हर्नाबाई घेईनात. मी सांगितलं, दुर्बीण बिघडली आहे, सगळ्या गोळ्या हवेत गेल्या.

त्यांनी विचारलं, किती पटीवर ठेवली होतीस?

चोवीस.

खालची आकड्याची पाटी दिसत होती?

मी म्हटलं, पाटी कशाला बघू, मी काय पाटीवर गोळी मारणार होतो?

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, त्या म्हाताऱ्याशी बोललास का? मी म्हटलं, तो रविवारपासून कुणाशीच बोलत नाही, जिंकलेला कागद भिंतीला लावायचा सोडून गादीखाली ठेवलाय. बाई म्हणाल्या की मग त्यांनी मधे पडायचं कारण नाही, ज्याचं त्याने बोलावं, आणि तू शुक्रवारच्या आत रायफल विकू नकोस. ओळखीच्या माणसाला एवढीही मदत नाही. लोणच्याची काकडी दिली ती मी घेतली नाही. नंतर घेतली.

१ ऑक्टोबर

आज सकाळी म्हातारा अंघोळ करून आला. स्वच्छ सदरा. म्हणाला, चल. आम्ही दोघं मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात गेलो. त्या बटाटे सोलत होत्या. त्याने घडी केलेला कागद बटाट्यांच्या शेजारी ठेवला.

"हा माझा नाही, लोर्ना."

बाई म्हणाल्या, त्यांनी स्वतः सहा नंबरवरून काढला होता.

"चौकट माझी. भोकं याची. हा पोरगा माझ्या कागदावर मारत होता."

बाईंनी सुरी खाली ठेवली. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला माझी दया आली. त्या म्हणाल्या, ऑरव्हल, तू चांगला माणूस आहेस, पण पोराला जागा मिळावी म्हणून माझ्याशी खोटं बोलायची गरज नाही. म्हातारा दोनदा परत तेच म्हणाला. बाई त्याला कॉफी ओतायला लागल्या.

तेव्हा त्याने खिशातून आपलं तीसचं काडतूस काढलं, चाचपून एका भोकावर टेकवलं आणि दाबलं. कागद चराचरा फाटला. मग माझ्यापुढे हात केला. मी साडेसहाचं दिलं. ते दुसऱ्या भोकात बुचासारखं बसलं. तिसऱ्यात बसलं. चौथ्यात, पाचव्यात.

बाईंनी कागद उजेडाला धरला. मग हळू विचारलं, "मग तुझ्या पाच कुठे गेल्या?"

"टेकडीत. मला कागद दिसला नाही. चौकट दिसली नाही. टेकडी तिथे आहे हे माहीत आहे, म्हणून तिकडे मारल्या."

"कधीपासून?"

"दोन हिवाळे."

खरं लिहायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की पाचच्या पाच तळहाताएवढ्या जागेत! तीनशे यार्डांवर! मी मनात नाचत होतो. मग म्हाताऱ्याकडे बघितलं. तो टेबलाच्या कडेला धरून उभा होता, आणि त्याची मान मी कधी वाकलेली बघितली नव्हती. तेव्हा मला एकदम कळलं की त्या परीक्षा कधी परीक्षा नव्हत्याच, त्याला दिसत नव्हतं म्हणून तो मला विचारत होता.

तो बाईंना सांगत होता. कोयोट आले की मला कळतं, मेंढ्या कशा उभ्या राहतात त्यावरून, वारा कुठून आहे त्यावरून. कुठल्या घळीतून येणार तेही सांगेन. फक्त ते दिसत नाहीत. गप्प बसलो असतो तर जागा मला मिळाली असती आणि या हिवाळ्यात पण मेंढ्या गेल्या असत्या. आणि पोरगा गेला असता.

बाईंनी मला विचारलं, तुला काही बोलायचंय? मी म्हटलं, माझी दुर्बीण बिघडलेली नाही, बाई.

त्या कपाळाला हात लावून बसल्या. मग म्हणाल्या, "एकाला दिसतं, पण कुठे बघायचं कळत नाही. दुसऱ्याला कुठे बघायचं कळतं, पण दिसत नाही. तुम्हा दोघांत मिळून माझ्याकडे बरोबर एक माणूस आहे."

ठरलं ते असं. दोघांनी जायचं. पण ऑरव्हलने बिलिंग्जला, शहरात जाऊन डोळे दाखवायचे, आणि डोळे बरे झाले की तिथे एकच राहील, तो ऑरव्हल. दोन माणसांचा हिवाळा या घराला परवडत नाही. मी म्हटलं ठीक आहे. तेवढे तर तेवढे दिवस.

बाहेर आल्यावर म्हाताऱ्याने वायर गुंडाळायची काळी पट्टी मागितली आणि माझ्या दुर्बिणीची पट बदलायची कडी नवावर चिकटवून टाकली. चाचपून, पण अगदी बरोबर नवावर.

२ नोव्हेंबर

वारा : उजवीकडून, कानाला लागेल इतका. अंतर : दोनशे ऐंशी. गोळी : लागली.

शेरा : म्हातारा आमच्या चाकांवरच्या खोलीच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, मेंढ्यांनी चरणं थांबवलं का? मी बघितलं, थांबवलं होतं. सगळ्यांची तोंडं कुठे? वरच्या वाकलेल्या काटेरी झुडपाकडे. तो म्हणाला, मग तिकडे बघू नकोस, तो तिथून निघाला. खाली, घळीच्या तोंडाशी बघ, आणि थांब. मी थांबलो. कोयोट तिथूनच वर आला, जणू ठरवून. नवाच्या काचेत तो, घळ, गवत, मागची मेंढी, सगळं एकदम दिसत होतं. एकच गोळी.

म्हाताऱ्याने मला सगळं दोनदा सांगायला लावलं. तो कसा पडला, कुठल्या कुशीवर. मग जेवायला घेवडे गरम केले आणि त्यात मीठ घातलं, साखर नाही. कारण डबे आता मी लावतो.

१९ नोव्हेंबर

मालकीणबाईंनी त्याला बिलिंग्जहून आणून सोडलं. एकामागून एक दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. दुसरी पट्टी आज निघाली. मी दारात उभा होतो. तो ट्रकमधून उतरून माझ्यापुढे आला, खांद्याला धरून मला उजेडाकडे फिरवलं आणि बघत राहिला. हनुवटी, कान, सगळं.

म्हणाला, "हा असा आहेस होय तू. आवाजावरून मला वाटलं होतं बरा दिसत असशील."

बाई हसत होत्या. मी पण हसलो. मग लक्षात आलं, डोळे बरे झाले. बाई म्हणाल्या, डॉक्टरांनी तीन आठवडे जपायला सांगितलंय, मग मी येते आणि काय ते बघू.

पाय शिवशिवायला हवेत आता. नेहमी शिवशिवतात. मी बुटात नवीन पुठ्ठा घातला, तरी काही नाही.

१० डिसेंबर

बाई आज आल्या. पीठ, कॉफी, रॉकेल आणलं. गाडीत माझ्यासाठी जागा करून ठेवली होती, ते मला खिडकीतून दिसलं. माझी पिशवी भरलेली होती. रायफल पुसून खोळीत घातली होती. 

बाई बसल्या आणि विचारलं, काय ऑरव्हल, कसं दिसतंय?

म्हातारा म्हणाला, उजवा ठीक. पण डावा गेला. डॉक्टर म्हणाले आहेत की डावा वसंतात परत करायचा, आणि तोवर एकट्याने राहायचं नाही. एका डोळ्याने अंतर चुकतं. मग त्याने बाईंसाठी कॉफी ओतायला भांडं उचललं आणि पेल्याच्या शेजारी, टेबलावर, सावकाश, पूर्ण पेलाभर कॉफी ओतली.

 मी धावत जाऊन फडक्याने पुसलं. त्याच्या हातून भांडं काढून घेतलं.

डॉक्टरांचा कागद कपाटाच्या फळीवर आहे, मी परवा वाचला होता. त्यात लिहिलंय की उजवा उत्तम, डावा वयाच्या मानाने चांगला, आता काही करायची गरज नाही. पण डॉक्टर लोक घाईत लिहितात. एखादी ओळ राहिली असेल.

बाईंनी टेबलाकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे. त्यांनाही फार वाईट वाटलं असणार, कारण त्या तोंड फिरवून खिडकीशी उभ्या राहिल्या आणि त्यांचे खांदे कितीतरी वेळ हलत होते. मग डोळे पुसून म्हणाल्या, बरं तर, वसंतापर्यंत दोघं. पगाराचं मी बघते कसंतरी. आणि ऑरव्हल, पुढच्या वेळी कॉफी सांडायची असेल तर गार सांड, टेबल माझ्या सासूबाईंचं आहे.

त्या निघाल्या. आम्ही पायरीवर उभे राहिलो. गाडी नदी ओलांडून पलीकडच्या फाटकापर्यंत गेली, म्हणजे अर्धा मैल तरी असेल. म्हातारा म्हणाला, तिचा मागचा डावा दिवा गेलाय, रस्त्यावर कुणीतरी धडकेल, पुढच्या वेळी सांगायला हवं.

मी दुर्बिणीतून बघितलं. खरंच गेला होता. विचारलं, कसं कळलं? म्हणाला, आवाजावरून.

एकतीस वर्षांचा अनुभव, नुसत्या आवाजावरून दिवा ओळखतो. पण त्याने कोयोट मरत नाहीत. मी पिशवी रिकामी केली, रायफल खोळीतून काढून दाराशी ठेवली. अशा माणसाला हिवाळ्यात एकटं टाकून जाणं बरं नाही.